हळद लागली होती का?

मंगरूळपीर,
शनिवार, १ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांना वैजूचा नमस्कार.

इकडे आम्ही सगळे ठीक. रेणूची सहामाही झाली. गणितात पोरगी पुन्हा काठावर, आणि आजोबांना सांगू नको म्हणून मलाच दम देते, म्हणून मुद्दाम सांगते. तुमच्या जावयांची पाठ धरली होती, आता बरी आहे. तुरीला फूल कसं आहे? मायच्या गुडघ्याला ते तेल लावता की नुसतं फळीवर ठेवलंय? आणि डोळ्यातले थेंब मनाने बंद करू नका, डॉक्टरांनी सांगेपर्यंत टाकत राहा.

पत्र कशाला, असं म्हणाल. बाबा, तुमचा फोन म्हणजे गावची दवंडी. स्पीकरवर टाकायचा, ओट्यावर ठेवायचा, की मी तुम्हाला विचारते आणि शेजारची बेबीबाई उत्तर देते. मला जे सांगायचं आहे ते ओट्यावर सांगण्यासारखं नाही. म्हणून दानिशच्या हाती पत्र पाठवते आहे. दानिश म्हणजे विकासचा मित्र, वाशीमला गॅरेज आहे तो. तुम्ही त्याला ओळखता. त्याला चहा द्या, आणि हे पत्र शेतात नेऊन आधी एकट्याने वाचा. चष्मा न्या. 

गुरुवारी तुमचा फोन आला. वाशीमहून, उपविभागीय साहेबांच्या कार्यालयातून नोटीस आली म्हणालात. गणपत मास्तरांनी वाचून दाखवली. अर्जदार सुकेशनी विकास काळबांडे, मयताची पत्नी. गैरअर्जदार क्रमांक एक जानराव काळबांडे. तिच्या नवऱ्याला तिला न कळवता पुरलं, तर ते प्रेत बाहेर काढून तिच्या ताब्यात द्यावं, तिला अग्नी द्यायचा आहे, असं त्यात लिहिलंय. दहा तारखेला सोमवारी अकरा वाजता हजर राहायचं आहे.

तुम्ही मला विचारलंत, "वैजू, कोण व्हय ही बाई?"

मागून बेबीबाई म्हणाली, "जमिनीसाठी आली असन कोनी. पोट्टं गेलं तं बायका उगवून राह्यल्या." मायचा आवाज आला नाही. मी "पाहते" म्हणाले आणि फोन ठेवला.  जावई म्हणाले, काय झालं, तुझा चेहरा असा काय? मी म्हटलं, रेंज गेली.

"पाहते" म्हणाले होते, तर आता पाहून झालंय ते लिहिते. मधे थांबू नका. राग आला तरी शेवटपर्यंत वाचा.

पाच ऑक्टोबरचा तो रविवार मला अजूनही सलग आठवत नाही. तुकडे आठवतात. सकाळी साडेसहाला फोन, मेडशीच्या अलीकडे रोही, पोलिसांच्या कागदात 'नीलगाय', आडवा आला, विकासची मोटारसायकल पलटी झाली. मी पोचले तेव्हा लोक त्याला दवाखान्यात घेऊन गेले होते आणि दवाखान्यातून मागच्या बाजूच्या खोलीकडे. तुम्ही तिथे बाहेर बाकड्यावर बसला होतात, दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून. मी तुमच्या शेजारी बसले तर तुम्ही मला म्हणालात, "सोयाबीन ओलं हाय अजून." एवढंच. मला वाटलं माझ्या बापाचं डोकं फिरलं.

मग हवालदार कागद घेऊन आले. मृतदेह ताब्यात मिळाल्याची पावती. त्यांनी तुम्हाला पेन दिलं, तुमच्या बोटांत ते राहीना. म्हणून मी घेतलं.

बाबा, मी दिवसाला पन्नास-साठ अर्ज भरते. माझं पोटच त्यावर चालतं. आमच्या सेवा केंद्राच्या खिडकीत बसून मी लोकांवर खेकसते, काका, बायको वारली तर 'विधुर' लिहा, 'अविवाहित' काय लिहिता, नीट वाचा की. रकाने मला झोपेत भरता येतात. नाव, वय एकतीस, धंदा ठिबकच्या नळ्या बसवणे. पुढचा रकाना होता वैवाहिक स्थिती. हवालदारांनी विचारलंसुद्धा, लग्न झालेलं आहे का? मी उत्तर दिलं नाही, सरळ लिहिलं. अविवाहित. माझ्या हाताने, माझ्या अक्षरात. खाली 'ताब्यात घेणाऱ्याचे मृताशी नाते' त्यापुढे 'बहीण', आणि सही.

ती पावती आता त्या अर्जाला जोडलेली आहे. आणि तिच्या मागे दुसरा एक कागद जोडलेला आहे, अकरा मार्च दोन हजार चोवीसचा, विवाह नोंदणीचा दाखला. त्याच्यावर तीन साक्षीदारांच्या सह्या आहेत. पहिली सुकेशनीच्या भावाची, दुसरी दानिशची.

तिसरी माझी.

हो. मी गेले होते. मीच त्यांचा अर्ज भरून दिला होता. महिनाभर त्यांची नोटीस कार्यालयाच्या फळ्यावर लागलेली होती, सगळ्या वाशीमने तिच्यापुढून ये-जा केली, आणि आपल्या गावच्या एकाही माणसाने वाचली नाही. मी रेणूचा दात काढायचं निमित्त करून घरून निघाले होते. तुमच्या जावयांनासुद्धा माहीत नाही. हे पत्र लिहून झालं की त्यांना सांगणार आहे, ती एक वेगळीच सुनावणी असेल.

सुकेशनी खिल्लारे, वाशीमची, खासगी दवाखान्यात नर्स. आपल्या समाजाची नाही, हे तुम्हाला आडनावावरूनच कळेल. विकास तिच्या दवाखान्याच्या गच्चीवर पाण्याची लाईन दुरुस्त करायला गेला होता तेव्हाची ओळख. पोरगी बोलायला फटकळ, कामाला वाघ. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली. विकास म्हणाला होता, "बाबाले मी सांगतो, तू फक्त सही कर वं बाई." मी केली.

मग पावतीवर 'अविवाहित' का लिहिलं, हे तुम्ही विचाराल. मी स्वतःला पंधरा दिवस एक उत्तर दिलं: बाकड्यावर बसलेल्या या माणसाचा मुलगा गेला आहे, त्याला आजच सून होती हे कसं सांगू, त्याची छाती फुटेल. ऐकायला बरं आहे की नाही उत्तर? पण ते अर्धंच आहे. मला भीती माझी होती. वैजीला माहीत होतं, वैजीने सही केली, वैजीने लपवलं, असं होईल याची. भाऊ आतल्या खोलीत पडलेला आणि बहिणीला स्वतःच्या अब्रूची पडली होती. लिहिताना लाज वाटते, पण ते तसंच आहे.

सुकेशनी त्या दिवशी दुपारपर्यंत मला फोन करत होती. अकरा वेळा. त्याचा लागत नाही म्हणून. पहिले चार मी उचललेच नाहीत. पाचवा उचलला. ती म्हणाली, "ताई, तो पोचला का गावाले? फोन बंद येऊन राह्यला त्याचा." आणि मी, बाबा, तुमची ही शिकलेली लेक, तिला म्हणाले, "गडबडीत असेल. सांगते." ओट्यावरून बोलत होते मी. त्याला आत आंघोळ घालत होते. तिला दुसऱ्या दिवशी मोबाईलवर कुणाच्या तरी स्टेटसला त्याचा फोटो दिसला, भावपूर्ण श्रद्धांजली. ड्युटीवर होती. सलाईन लावता लावता दिसला.

हे वाचून तुम्हाला काय वाटतं ते मला माहीत नाही. मला स्वतःचीच भीती वाटते. मी असं करू शकते हे मला चौतीस वर्षं माहीत नव्हतं.

आता अंगणातलं. ते मी टाळत होते.

संपतकाकांनी विचारलं. त्यांचं काही चुकलं नाही, कोणीतरी विचारायलाच हवं होतं, कारण त्यावर पुढचं सगळं ठरतं. आपल्यात लग्न झालेल्याला जाळतात, न झालेल्याला नाल्याकाठी लेकरांच्या जागेत पुरतात. माणसं कुदळी घेऊन उभी होती आणि ट्रॅक्टरवाला लाकडं आणायची का म्हणून थांबला होता. वाशीमला कोणी पोरगी आहे अशी कुजबुज गावात होतीच. म्हणून काका भर अंगणात म्हणाले, "जानराव, खरं सांग बाप्पा. पोराले हळद लागली व्हती का?"

तुम्ही बोलला नाहीत. माय शुद्धीवर नव्हती. काका माझ्याकडे वळले. "वैजू, तुले ठाऊक असन. हळद लागली व्हती का त्याले?"

मी म्हणाले, "नाही काका."

लाकडांचा ट्रॅक्टर परत गेला. माणसं नाल्याकडे निघाली.

त्या 'नाही'चीही मी किती पळवाट काढली होती. त्यांचं लग्न कागदावरचं. मांडव नाही, अक्षता नाहीत, हळद कुठली? काकांनी लग्न झालं का असं विचारलंच नाही, हळदीचं विचारलं, आणि मी खरंच उत्तर दिलं. वकील खूश झाला असता असं उत्तर.

पण तेही खोटं आहे, बाबा. हळद लागली होती. मी लावली होती.

सह्या झाल्यावर आम्ही पाचजण कार्यालयाच्या मागे लिंबाखाली उभे होतो. पेढे वाटले, फोटो झाला, आणि तरी कोणाला निघावंसं वाटेना, काहीतरी राहिल्यासारखं. विकास मला म्हणाला, "बाई, हळद लाव वं मले. नाही तं मेल्यावर लेकराच्या जागेत गाडतीन." सगळे हसले. मी समोरच्या दुकानातून हळदीची पुडी आणली. दानिशने पाण्याच्या बाटलीचं झाकण धरलं, त्यात कालवली. एकेक बोट दोघांच्या गालाला. विकासच्या पांढऱ्या शर्टावर डाग पडला, तो डाग जाऊ नये म्हणून सुकेशनीने तो शर्ट धुतलाच नाही म्हणे, तसाच ठेवलाय.

तो जे हसत म्हणाला होता तेच मी त्याचं केलं. अंगणात उभं राहून, एका शब्दात. मला तेव्हा ते वाक्य आठवलं का, असं विचाराल तर हो, आठवलं. त्याच क्षणी आठवलं. आणि तरी 'नाही' म्हणाले. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही, सुकेशनीलासुद्धा नाही.

माय मला रोज फोन करते. रोज एकच. "माह्या लेकराले हळद नाही लागली वं बाई. कोरा गेला माहा लेक. कोनतं पाप केलं व्हतं म्या?" तुम्ही शेजारी बसलेले असता. मला तुमचा खोकला ऐकू येतो. मी ऐकते, तुम्ही ऐकता, आणि ती बाई रडते, जे झालंच होतं ते झालं नाही म्हणून.

आता पुढचं ऐका.

सतरा तारखेला, शुक्रवारी, दिवाळीच्या आदल्या गर्दीत, माझ्या खिडकीसमोर रांग लागलेली. नॉन-क्रिमिलेअरवाले, उत्पन्नाचे दाखलेवाले. मान खाली घालून मी म्हटलं, "हं, पुढे, कशाचा अर्ज?" आणि खिडकीतून कागद आत आले. वरच तो दाखला. मी मान वर केली. सुकेशनी. युनिफॉर्मवर शाल गुंडाळलेली, डोळे कोरडे. बारा दिवसांत मी तिला एक फोन केला नव्हता.

ती म्हणाली, "प्रतिज्ञापत्र टाईप करून पायजे. वकीलबाईनं मसुदा देला हाय."

मी म्हटलं, "सुकेशनी, आत ये. बस."

"नाही. रांगेत आली मी. रांगेतच करा."

बाबा, मी टाईप केलं. काय करणार? माझ्याच विरुद्ध, एकेक वाक्य. 'मयताच्या बहिणीने, विवाहास स्वतः साक्षीदार असूनही, अर्जदाराची माहिती दडवली.' मागचा एक म्हातारा ओरडला, बाई, लवकर करा, बस जाते.  'दडवली'तला ड तीनदा चुकला.

मी हळूच तिला म्हटलं, "तुला जे पाहिजे ते मी करते. पण त्याला उकरू नको गं. परवानगी मिळेपर्यंत महिना होईल. काय राहिलं असेल? माय मरून जाईल."

तर ती पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहून बोलली. "ताई, मी जाऊन आली तिथं. एकटी. नाल्याच्या कडेले बोराटीचे काटे टाकले हायेत साऱ्या ढिगावर. कोनाले विचारू? कोनी सांगून नाही राह्यलं. मंग मी पावलानं मोजत गेली. सारे दोन-दोन हाताचे व्हते. लेकराचे. एकच लांब व्हता."

मी टाईप करायचं थांबले.

"एकतीस वर्साच्या मानसाले तुमी लेकरात ठेवलं. माहा नवरा त्याच्या लांबीवरून ओळखा लागला मले. मी नर्स हाय, काय राह्यलं असन ते मले तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक हाय. जे असन ते मले द्या. मी त्याले मानसासारखं नेतो."

  

मी म्हटलं, "बाबांना काही माहीत नव्हतं गं. त्यांना दोष देऊ नको. सगळं माझं आहे."

ती म्हणाली, "बाबाले?"

आणि मग तिने मला सांगितलं.

तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मे महिन्यात वाशीमला झालं. तुम्ही आम्हाला सांगितलंत, शिबिरात राहिलो, विकासने खानावळीचा डबा आणला. शिबीर नव्हतं. तुम्ही चार दिवस विकासच्या खोलीवर होतात. सुकेशनीने सुट्टी टाकली. दर चार तासांनी तिने तुमच्या डोळ्यात थेंब टाकले, मान वर धरून. तिच्या हातचं तुम्ही जेवलात, वांग्याची भाजी दुसऱ्यांदा मागून घेतलीत. दानिश तुम्हाला गाडीने बसस्टँडला सोडायला आला तेव्हा तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "सोयाबीन निंगू दे. मंग मी सांगतो साऱ्याइले. तुह्या सासूले बी."

विकास त्या रविवारी म्हणून येत होता. सोयाबीन वाळायचीही वाट न बघता तुम्ही बोलावलंत म्हणून. आज मायला सांगू, दोघं मिळून, असं ठरलं होतं म्हणून.

हे मी तुम्हाला टोचायला लिहीत नाही, बाबा. देवाशप्पथ नाही. रोही काही तुम्ही सोडला नव्हता. मला बाकड्यावरचं तुमचं ते वाक्य आता कळलं, एवढंच. सोयाबीन ओलं हाय अजून.

पण मला बाकीचंही कळलं.  पाणी मागितलं, तर सुकेशनीनेच आपली बाटली खिडकीतून आत दिली. ज्या बापाला धक्का बसू नये म्हणून मी माझ्या भावाला कोरा ठरवलं, त्या बापाला सगळं माहीत होतं. संपतकाका विचारत होते तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, आठवतं? मी समजले सुन्न झालेत. तुम्ही सुन्न नव्हतात. तुम्ही वाट बघत होतात, मी काय बोलते याची. मी 'हो' म्हटलं असतं तर तुम्हालाही 'हो' म्हणावं लागलं असतं. मी 'नाही' म्हटलं, आणि तुम्ही ते नवीन केलेले डोळे मिटून घेतलेत.

आपण दोघं एकमेकांना वाचवत होतो की एकमेकांच्या आड लपत होतो, मला समजत नाही. त्या दिवसापासून मी लोकांचे अर्ज भरते, स्वयंपाक करते, रेणूची वेणी घालते, आणि मधेच कुठेही थांबून मोठ्याने म्हणते, "त्यांना माहीत होतं." रेणू विचारते, कोणाला गं?

आणि मग परवा तुम्ही स्पीकरवर विचारलंत, कोण व्हय ही बाई.

का विचारलंत? बेबीबाईसाठी? मायसाठी? की मला माहीत आहे का, हे चाचपायला? मी उत्तर दिलं नाही, कारण त्या क्षणी मला तुमचा आवाज ओळखू येईना. माझा बाप भित्रा आहे हे मी समजू शकते, मी त्याचीच लेक. पण माझा बाप इतका सराईत आहे हे मला माहीत नव्हतं. लिहून टाकलं. खोडत नाही.

आता कामाचं.

मी सुकेशनीच्या वकीलबाई वैभवीताईंना भेटले. मी विचारलं, कायद्याने माणूस मेल्यावर तो कोणाचा? त्या म्हणाल्या, कोणाचाच नाही. तो शेत नाही की घर नाही, कोणाच्या नावावर चढत नाही. पण त्याची शेवटची सेवा कोणी करायची, हा हक्क असतो. त्याला एक सरळ कलम नाही, निकाल पाहून चालावं लागतं. पण असा वाद आला तर बहुतेक वेळा बायको आईबापांच्या पुढे उभी राहते. मात्र पुरलेलं बाहेर काढायला अधिकारी सहसा तयार नसतात. साहेब परवानगी देतील, की कोर्टात जा म्हणतील, आज कोणी सांगू शकत नाही. आईबापांनी हरकत घेतली तर वर्षं जातील. नाही घेतली, तर वाट बरीच सोपी.

म्हणजे सगळं तुमच्यावर आलं आहे. तिला तिचा नवरा परत मिळेल की नाही, हे साहेबांपेक्षा तुम्ही जास्त ठरवणार.

दहा तारखेला मी जाणार. पावतीवर अविवाहित मी लिहिलं, खोटं लिहिलं, आणि त्याला हळद मी स्वतः लावली होती, हे तिन्ही मी सांगणार. काय शिक्षा व्हायची ती होवो, नोकरी गेली तर जाईल. मे महिन्यातलं मी सांगणार नाही. सुकेशनीनेही अर्जात घातलेलं नाही. मी तिला विचारलं, का घातलं नाहीस? ती म्हणाली, "ते बाबा सांगतीन. ते सांगतो म्हनले व्हते." अजून तिचा भरवसा आहे तुमच्यावर. मला तिचा राग आला, खरं सांगते. इतकं कसं कोणी भरवशाचं असावं?

अजून एक. टाईप करताना मी तिला विचारलं, गैरअर्जदार जानराव काळबांडे, यांचं तुझ्याशी नातं काय लिहू? मला वाटलं ती म्हणेल, मयताचे वडील. कायद्याला तेवढं पुरतं. ती म्हणाली, "सासरे लिवा." तुमच्याविरुद्धच्या अर्जात तुम्ही तिचे सासरे आहात. नोटीस नीट वाचली असेल तर मास्तरांनीही वाचलं असेल.

सोबत एक कागद जोडला आहे. ना-हरकत. 'मी, जानराव काळबांडे, मयताचा पिता, माझ्या मुलाचा देह अर्जदारास सोपवण्यास व त्यावर तिच्या हातून अग्निसंस्कार होण्यास माझी हरकत नाही.' सगळं मी भरलंय. एक जागा सोडली आहे. 'अर्जदार ही माझी' याच्यापुढे. तिथे तुम्ही तुमच्या हाताने लिहा. मी लिहिणार नाही. दुसऱ्याचे रकाने भरून मी कंटाळले.

लिहिलंत तर दहा तारखेला मेडशीहून सकाळची बस घ्या, मी वाशीमच्या स्टँडवर उभी राहीन. सुकेशनीला मी विचारून ठेवलं आहे. अग्नी तीच देणार, पण खांद्याला बाबा आले तर मला पाहिजेत, असं ती म्हणाली.

नाही लिहिलंत तर मी तुमचं नाव कुठे घेणार नाही. पण मग मी तुमच्या अंगणात परत उभी राहू शकेन असं मला वाटत नाही. ही धमकी नाही. मला तिथे उभं राहता येत नाही, एवढंच.

साहेबांचं पुढे काय होईल ते होवो. मायचं मात्र दहा तारखेपर्यंत थांबवू नका. हे तिला कार्यालयात, परक्याच्या तोंडून कळायला नको. पत्र घरी नेलंत की ती विचारेल, कोनाचं व्हय? तेव्हा तिला जवळ बसवा, फोन आत ठेवा, दार लावा, आणि सांगा की तिचा लेक कोरा गेला नाही. त्याला बायको आहे. वाशीमला आहे. तिचा नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे, आणि ती मायच्या फोनची वाट बघते आहे.

तुमची,
वैजू